'सगळेच विकले गेलेत' इथे चर्चा थांबू नये म्हणून: माहितीपट कसा निवडावा, कसा दाखवावा

चोपडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाचा प्रश्न असा आहे. कंपन्या पैसा ओतून विज्ञानाबद्दल संशय कसा पसरवतात, यावरचे माहितीपट विद्यार्थ्यांना आणि पालकांना दाखवायचे आहेत. पालक बहुतेक केळी आणि कापूस करणारे. मागे असा एक माहितीपट सलग दाखवला, पण चर्चेत सूर एकच निघाला: "मंग इस्वास ठेवाना तरी कोनावर? सम्दाच इकायेल शेतस." म्हणजे, विश्वास ठेवायचा तरी कोणावर, सगळेच विकले गेलेत. तिथून गाडी लसींवर घसरली आणि बीटी कापसावरच्या भांडणात वेळ संपला. तर कोणते माहितीपट घ्यावेत, किती दाखवावेत आणि पुढची चर्चा कशी चालवावी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. यात प्रेक्षकांचा दोष नाही. या प्रकारच्या बहुतेक माहितीपटांची बांधणीच अशी असते की सव्वा तास फसवणूक दाखवायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत 'जागे व्हा' म्हणायचं. माणूस चिडून बाहेर पडतो, पण खरं-खोटं तपासायचं कसं हे त्याच्या हाती लागलेलं नसतं. संशय पेरणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. सिगारेट निर्धोक आहे यावर तुम्ही विश्वास ठेवावा, अशी त्यांची गरज कधीच नव्हती. 'तज्ज्ञांचंच एकमत नाही, तर आपण काय ठरवणार' एवढं तुम्ही म्हटलं की त्यांचं काम झालं. म्हणून 'सगळेच विकले गेलेत' या वाक्यावर संपलेला कार्यक्रम त्यांच्याच पथ्यावर पडतो. माझा सल्ला असा: एकूण वेळातला एक तृतीयांश पडद्याला द्या आणि उरलेला कागदपत्रांना व लोकांनी स्वतः करून पाहायच्या तपासणीला.

सुरुवात तंबाखूपासून करा. हा विषय जुना वाटेल, पण संशयाचा धंदा कसा उभा राहतो याची आतली कागदपत्रं सगळ्यात जास्त इथेच उपलब्ध आहेत. शिवाय तंबाखू-चुना मळणारा हात ओळखीचा नाही असं घर आपल्याकडे सापडत नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. 1950 साली ब्रिटन आणि अमेरिकेत धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. डिसेंबर 1953 मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले आणि हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेला त्यांनी काम दिलं. 4 जानेवारी 1954 रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांचं निवेदन जाहिरात म्हणून छापून आलं. या एका जाहिरातीवर पंधरा मिनिटं द्या. इंटरनेटवर तिचं चित्र मिळतं. मराठी भाषांतर मोठ्या अक्षरात छापून आणा आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचून घ्या. त्यात साधारण असं म्हटलं आहे: कर्करोगाची अनेक कारणं संशोधक सांगतात, कारण कोणतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, सिगारेट हे त्यातलं एक कारण असल्याचा पुरावा नाही, लोकांचं आरोग्य ही आम्ही आमची मूलभूत जबाबदारी मानतो आणि संशोधनाला आम्ही पैसा देऊ. मग प्रेक्षकांना विचारा, यातलं धडधडीत खोटं वाक्य कोणतं? बराच वेळ शांतता राहील. पुराव्याचं वाक्य सोडलं तर एकही वाक्य चटकन पकडता येत नाही, आणि त्या वाक्यातही 'पुरावा' या शब्दाला किती ताणायचं हे त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलं होतं. 'आणखी संशोधन हवं' हे तर प्रामाणिक शास्त्रज्ञही म्हणतो. फरक असा की प्रामाणिक शास्त्रज्ञ कोणता पुरावा मिळाला तर मत बदलेन हे सांगू शकतो. ज्याला नुसता वेळ काढायचा आहे, तो ते कधीच सांगत नाही. हा फरक प्रेक्षकांच्या तोंडून निघेपर्यंत थांबा, तुम्ही आधी सांगू नका.

त्यानंतर दोनच गोष्टी दाखवा. एक, 1969 सालचं ब्राउन अँड विल्यमसन कंपनीचं अंतर्गत टिपण: संशय हाच आमचा माल, कारण लोकांच्या मनात पक्क्या बसलेल्या माहितीशी स्पर्धा करायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही, या अर्थाचं त्यातलं वाक्य. दुसरी, 14 एप्रिल 1994 ची चित्रफीत, ज्यात सात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर एकेक करून सांगतात की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. 1998 मध्ये 46 राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपन्यांना आपली कागदपत्रं खुली करावी लागली. आज ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात कोणालाही पाहता येतात. हा शेवटचा भाग विसरू नका, कारण 'मग हे बाहेर आलं कसं?' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. न्यायालय, पत्रकार, कंपनीतले बंडखोर कर्मचारी आणि दुसरे शास्त्रज्ञ, या चौघांनी मिळून ते बाहेर काढलं. प्रेक्षकाला हे चौघे दिसले की 'सगळेच विकले गेलेत' हे वाक्य आपोआप ढिलं पडतं.

इथून लगेच घरी या. सिगारेट-बिडीच्या पाकिटावर 85 टक्के जागेत चित्रमय इशारा छापायचा नियम आपल्याकडे 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायचा होता. तो लागू झाला 1 एप्रिल 2016 ला. मधल्या काळात संसदीय समितीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे मुद्दा मांडला की तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात तसा अभ्यास झालेला नाही. ऐकायला बिनतोड वाटतं, नाही का? पण डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी तंबाखू चघळणं, धूम्रपान आणि तोंड-घशाच्या कर्करोगाचा संबंध तपासणारा अभ्यास 1955 मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला होता. म्हणजे पुरावा साठ वर्षं आधीचा, तोही आपल्याच राज्यातला. 'आपल्याकडचा अभ्यास कुठे आहे' ही मागणी रास्त असू शकते. ती करणाऱ्याने शोध घेतला होता का, एवढंच पाहायचं असतं.

आता पैशाच्या प्रश्नाकडे, कारण बहुतेक कार्यक्रमांत गाडी इथेच रुतते. माहितीपट पाहिल्यावर लोक एकच सूत्र उचलतात: कंपनीने पैसा दिला म्हणजे अभ्यास खोटा. हे सूत्र अर्धवट आहे, आणि अर्धवट सूत्राने माणूस पुन्हा फसतो. समोरासमोर दोन उदाहरणं ठेवा.

पहिलं साखरेचं. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशनने हार्वर्डच्या संशोधकांना 6,500 डॉलर दिले. 1967 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा आढावा-लेख आला. हृदयविकारात साखरेचा वाटा दाखवणाऱ्या अभ्यासांतल्या त्रुटी त्यात बारकाईने काढल्या होत्या, आणि चरबीला दोष देणाऱ्या अभ्यासांना मात्र सैल हाताने सोडलं होतं. आकडे कोणी बदलले नाहीत. चाळणी कोणाला बारीक लावायची आणि कोणाला जाड, एवढंच ठरवलं. पैसे कोणी दिले हे लेखात नव्हतं. तसं जाहीर करण्याचा नियम त्या नियतकालिकाने 1984 मध्ये आणला. हा पत्रव्यवहार संग्रहालयांतून शोधून 2016 मध्ये प्रसिद्ध केला तो संशोधकांनीच.

दुसरं उदाहरण टेफ्लॉनच्या निर्मितीत वापरल्या जाणाऱ्या पीएफओए या रसायनाचं. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळ एका शेतकऱ्याच्या गाई मरायला लागल्या, त्यातून ड्युपॉन्टवर खटला उभा राहिला आणि पुढे पिण्याच्या पाण्यात हे रसायन मिसळल्याचं उघड झालं. तडजोडीत कंपनीच्या पैशातून सुमारे 69 हजार रहिवाशांच्या रक्ताची आणि आरोग्याची तपासणी झाली, पण अभ्यास करणारे तीन साथरोगतज्ज्ञ दोन्ही बाजूंच्या संमतीने निवडले होते आणि त्यांचा निष्कर्ष दोघांवर बंधनकारक होता. 2012 पर्यंत त्यांनी सहा आजारांशी संभाव्य संबंध जाहीर केला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा व्रणयुक्त दाह, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. इतर अनेक आजारांबाबत संबंध दिसत नाही, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे सांगितलं. पैसा कंपनीचा, तरीही निकाल कंपनीच्या विरोधात.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की 'पैसा कोणाचा' याच्या पुढचे प्रश्न लोक स्वतःच विचारू लागतात. प्रश्न कोणी ठरवला? मोजमाप कोणाच्या ताब्यात राहिलं? नको असलेला निष्कर्ष दाबायचा अधिकार कोणाकडे होता? आणि ज्याचा यात काडीचा फायदा नाही अशा दुसऱ्या कोणाला तोच निकाल मिळाला का? हे चार प्रश्न फळ्यावर लिहून कार्यक्रम संपेपर्यंत पुसू नका.

माहितीपटांची निवड. 'मर्चंट्स ऑफ डाउट' हा रॉबर्ट केनर यांचा 2014 चा माहितीपट नेओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांच्या 2010 च्या पुस्तकावर आधारलेला आहे. पुरा दीड तास आहे, पण पुरा दाखवू नका. सुरुवातीचा हातचलाखी करणारा जादूगार, मग तंबाखू, मग सोफ्यातल्या अग्निरोधक रसायनांचं प्रकरण, इतकाच भाग घ्या. अग्निरोधकांचं प्रकरण आपल्याला अपरिचित, म्हणूनच उपयोगाचं: त्याबद्दल कोणाचंच आधीपासून मत बनलेलं नसतं. नागरिकांची संघटना असल्याचा आव आणणाऱ्या एका गटामागे तीन रसायन उत्पादक होते, आणि त्या गटाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या भाजलेल्या रुग्णांच्या डॉक्टरने सांगितलेली बाळाची करुण कहाणी शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकारांना 2012 मध्ये नोंदींत सापडलीच नाही. पुढचा हवामानबदलाचा भाग अमेरिकी टीव्हीवरच्या वादावादीने भरलेला आहे. आपल्या प्रेक्षकाला ती माणसं आणि तो वेग परका वाटतो, आणि नेमकं इथेच मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागतात. हवामानबदल दाखवायचाच असेल तर वेगळा दिवस ठेवा.

शेतकरी पालकांसाठी माझी पहिली पसंती 'द डेव्हिल वी नो' या 2018 च्या माहितीपटाला आहे. वर सांगितलेलं पार्कर्सबर्गचं प्रकरण त्यात आहे. गाई, ओढा, कंपनीत नोकरी देणारं गाव आणि म्हणून गप्प बसलेले शेजारी: हे सगळं समजायला आपल्याकडे भाषांतर लागत नाही. भारतीय विषय हवा असेल तर के. आर. मनोज यांचा 2010 चा 'अ पेस्टरिंग जर्नी'. केरळच्या कासरगोडमधलं एंडोसल्फान या कीटकनाशकाचं प्रकरण त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2011 मध्ये देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली, हे दाखवण्याआधी सांगू नका. चर्चेनंतर सांगा.

'बिटर सीड्स' हा मिका पेलेड यांचा 2011 चा माहितीपट मी शेवटच्या सत्रासाठी राखून ठेवेन, आणि तो त्याचीच तपासणी करण्यासाठी दाखवेन. विदर्भातल्या कापूस उत्पादकांचं दुःख त्यात खरं आहे, पण बीटी बियाणं आणि आत्महत्या यांची जी सरळ रेघ प्रेक्षकाच्या मनात उमटते ती तितकी सरळ नाही. बीटीला परवानगी मिळाली मार्च 2002 मध्ये, आणि आत्महत्यांचं सत्र त्याच्या आधीपासून सुरू होतं. कर्ज, कोरडवाहू जमीन, पडलेले भाव, सावकारी ही कारणं वेगळी काढल्याशिवाय एकट्या बियाण्यावर बोट ठेवता येत नाही. जे चार प्रश्न कंपनीला विचारले तेच माहितीपटालाही विचारायचे. तुम्ही स्वतःच्या आवडीच्या बाजूलाही हे लावता, हे लोकांना दिसलं पाहिजे. नाहीतर तुमचा कार्यक्रमही त्यांना प्रचारच वाटेल, आणि त्यांचं चुकणार नाही.

तांत्रिक बाजूत कार्यक्रम फसतो तो बहुधा उपशीर्षकांवर. इंग्रजी उपशीर्षकं ठेवून 'समजून घेतील' म्हणू नका. मराठी उपशीर्षकांची एसआरटी फाइल (वेळ आणि ओळी लिहिलेली साधी मजकूर-फाइल) स्वतः बनवा. पंचवीस मिनिटांच्या भागाला साधारण तीनशे-साडेतीनशे ओळी होतात, चार विद्यार्थी दोन रविवारांत उरकतात. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकी 35 अक्षरांच्या आत, आणि दोन ओळी किमान पाच-सहा सेकंद पडद्यावर राहू द्या. बोललेला शब्दन् शब्द घेऊ नका, आशय घ्या. फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा. नोटपॅडमध्ये चुकून एएनएसआय हे जुनं एन्कोडिंग राहिलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फॉन्ट म्हणून नोटो सान्स देवनागरी निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात किंवा चौकोन दिसतात. उपशीर्षक आवाजाच्या मागे-पुढे झालं तर 'जी' आणि 'एच' या कळांनी सरकवता येतं. 8 बाय 6 फुटांच्या पडद्यावर रुंद चित्र टाकलं की वर-खाली काळी पट्टी उरते. उपशीर्षक खालच्या पट्टीत बसवा, चित्रावर नको. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा, म्हणजे 36 फुटांपेक्षा, लांब नसावी. प्रोजेक्टर 3,000 ल्युमेनचा तरी हवा, आणि आवाज प्रोजेक्टरच्या स्पीकरवर सोडू नका, स्पीकरचा वेगळा जोड लावा. आजी-आजोबा येणार असतील तर दर पाच-सहा मिनिटांनी चित्र थांबवून अहिराणीत किंवा लेवा बोलीत दोन वाक्यांत सांगणारा माणूस ठेवा. सतत वरून बोलत राहिलं तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि काहीच कळत नाही.

परवानगीचं एक पाहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तर चित्रपट दाखवता येतो. तोच कार्यक्रम गावच्या चौकात सगळ्यांना खुला केलात तर वितरकाची लेखी परवानगी लागते. ऑनलाइन वर्गणी भरलेली असली म्हणजे सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क मिळाला असं होत नाही. आणि कार्यक्रमाचा खर्च, चहापासून फ्लेक्सपर्यंत, कोणत्याही कृषी सेवा केंद्राकडून, बियाणे किंवा औषध कंपनीकडून घेऊ नका. एका फ्लेक्सवरच्या नावामुळे सगळ्या संध्याकाळचं बोलणं फुकट जातं.

आता लसींचा प्रश्न. तो येणारच, टाळू नका, आणि विचारणाऱ्याला अडाणीही ठरवू नका. लसींबद्दलच्या संशयाचं एक गाजलेलं प्रकरण याच विषयातलं आहे हे दाखवा. 1998 मध्ये ब्रिटनमधले डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांनी लॅन्सेट या नियतकालिकात 12 मुलांवरचा लेख छापून गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते अशी भीती निर्माण केली. लस उत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून त्यांना 4 लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती, हे पत्रकार ब्रायन डीअर यांनी उघड केलं. 2010 मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवाना गेला. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस आणि स्वमग्नतेचा संबंध दिसला नाही. फळ्यावरचे चार प्रश्न इथे लावून पाहायला सांगा: प्रश्न कोणी ठरवला, आणि दुसऱ्या कोणाला तोच निकाल मिळाला का. यानंतर आपल्याकडच्या पोलिओची आठवण द्या. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, आणि 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त घोषित झाला. हे कोणत्याही कंपनीच्या पत्रकावरून कळलेलं नाही, अचानक लुळेपणा आलेल्या मुलांच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतल्या तपासण्या यांतून कळलं आहे.

बीटी कापसावर भांडण होतं ते दोन्ही बाजू 'बीटी चांगलं की वाईट' असं विचारतात म्हणून. प्रश्न बारीक करा: कोणत्या अळीवर, कोणत्या वर्षी? बीटी, म्हणजे कपाशीत घातलेलं अळीनाशक जनुक, हे बोंडअळ्यांसाठी होतं, मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठी कधीच नव्हतं. अमेरिकन बोंडअळीवर त्याने काम केलं. गुलाबी बोंडअळी आधी एका जनुकाला दाद देईनाशी झाली, मग 2006 पासून आलेल्या दोन जनुकांच्या वाणालाही, आणि 2017 च्या हंगामात या अळीने राज्यभर काय केलं ते सभागृहातल्या प्रत्येकाला आठवतं. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी येणारं 120 ग्रॅमचं बिगर-बीटीचं छोटं पाकीट किती जणांनी कडेने पेरलं, हेही विचारा. अळीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती येणं लांबवण्यासाठी ते होतं, आणि बहुतेकांनी ते फेकलं. ते कशासाठी आहे हे विक्रीच्या वेळी कोणी समजावून सांगितलंच नाही, हीही त्या गोष्टीची दुसरी बाजू.

याच विषयातलं वृत्तपत्राचं उदाहरण अवश्य घ्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांत बीटीमुळे भरभराट झाल्याची पानभर बातमी एका राष्ट्रीय इंग्रजी दैनिकात 2008 मध्ये आली. तोच मजकूर ऑगस्ट 2011 मध्ये पुन्हा छापला गेला, यावेळी जाहिरात म्हणून. पत्रकार पी. साईनाथ यांनी मे 2012 मध्ये द हिंदूमध्ये हे मांडलं. विद्यार्थ्यांना मागच्या महिन्याभराची मराठी वृत्तपत्रं आणायला सांगा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात', 'मीडिया इनिशिएटिव्ह' किंवा तसलं काही लिहिलेलं पान शोधायला लावा. बातमीसारखीच मांडणी, बातमीदाराचं नाव नाही, एकही उलट मत नाही आणि शेवटी संपर्क क्रमांक. एकदा डोळ्याला सवय झाली की हे पान दुरूनच ओळखू येतं.

मग हाताचं काम. सहा ते आठ जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला केळीच्या एखाद्या 'टॉनिक'चं पत्रक द्या. पत्रकावरचं कंपनीचं आणि उत्पादनाचं नाव काळ्या मार्करने आधीच झाकून घ्या. हे विसरलात तर चर्चा पद्धतीवर न राहता एखाद्याच्या चुलतभावाच्या दुकानावर जाते, आणि बदनामीची तक्रार होऊ शकते ती वेगळीच. समजा पत्रकात लिहिलं आहे: 'घडाच्या वजनात 30 टक्के वाढ'. कशाच्या तुलनेत 30 टक्के? शेजारच्या बागेच्या, की गेल्या वर्षीच्या? लागवड मृगबागेची की कांदेबागेची? किती झाडं मोजली? घड कोणी निवडले? वजन करणाऱ्याला कोणतं झाड फवारलेलं आहे हे माहीत होतं का? फोटोतला घड हा बागेतला सरासरी घड असतो की सगळ्यात मोठा? डेमो प्लॉटमध्ये टॉनिकसोबत खताचा वाढीव हप्ता आणि कंपनीच्या माणसाची दर आठवड्याची फेरीही असते. मग वजन वाढलं ते कशाने?

ज्यांना खरंच पडताळायचं आहे त्यांच्यासाठी बागेतली चाचणी अशी. 5 बाय 5 फुटांवर एकरी सुमारे 1,742 झाडं बसतात, त्यातली 200 पुरतात. बागेत पाच जागा निवडा, प्रत्येक जागी शेजारीशेजारी 20-20 झाडांचे दोन तुकडे. कडेची ओळ मोजणीत घेऊ नका, तिला ऊन-वारा जास्त लागतो. कोणत्या तुकड्याला टॉनिक द्यायचं ते नाणेफेकीने ठरवा. आपण ठरवलं तर हात नकळत चांगल्या झाडांकडे जातो, किंवा रस्त्याकडेच्या. दुसऱ्या तुकड्यावर त्याच दिवशी तेवढंच साधं पाणी फवारा. ठिबक, खत, फण्यांची विरळणी, केळफूल काढणं सगळं सारखं. झाडांना रंगाची खूण करा, आणि कोणता रंग कशाचा हे काढणीच्या वेळी वजन करणाऱ्याला सांगू नका. प्रत्येक घडाचं वजन वहीत लिहा, अंदाजाने 'सरासरी' लिहू नका. पडलेली किंवा सीएमव्ही या विषाणूजन्य रोगामुळे उपटलेली झाडंही नोंदवा, गाळू नका.

निकाल वाचायचा असा: टॉनिकमध्ये काहीच दम नसेल तरीही पाचही जोड्यांत फवारलेला तुकडा जड निघण्याची शक्यता 32 मध्ये 1 असते, आणि पाचपैकी किमान चार जोड्यांत जड निघण्याची 32 मध्ये 6. म्हणजे पाचपैकी चार हा निकाल पाहून लगेच टॉनिकचा कॅन घ्यायला धावायचं नाही. पाचही जोड्यांत वाढ दिसली तर वजनातला फरक क्विंटलच्या भावाने गुणा आणि औषध व मजुरीचा खर्च वजा करून पाहा. याच आकड्यांसकट पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलात तर तिथले शास्त्रज्ञ तुमच्याशी वेगळ्या पातळीवर बोलतात. त्यांनाही चार प्रश्न विचारायला हरकत नाही, आणि चांगल्या शास्त्रज्ञाला ते आवडतात.

केळीची चाचणी संपायला लागवडीपासून अकरा-बारा महिने लागतात, तोवर विद्यार्थ्यांचा उत्साह टिकत नाही. म्हणून पहिली फेरी रब्बी हरभऱ्यावर किंवा मक्यावर घ्या, जोड्या पाचच ठेवा आणि तुकडे 10 बाय 10 फुटांचे. कार्यक्रम मार्चमध्ये ठेवा, कारण मेमध्ये बियाणं-औषधांची पत्रकं गावात येऊ लागतात, ती तपासायला लोकांच्या हाती चार प्रश्न तोवर असायला हवेत. कीटकनाशकाच्या बाबतीत पत्रकापेक्षा डब्यावरचं लेबल आणि आतली घडीपत्रिका पाहायला शिकवा: त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी शिफारस छापलेली आहे का, मात्रा किती, फवारणी आणि काढणीत किती दिवसांचं अंतर, आणि विषारीपणाचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा. टॉनिक म्हणून विकली जाणारी जैव-उत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे 'टॉनिक'च्या बाटलीवर त्या नोंदणीचा उल्लेख नसेल तर दुकानदाराकडे तो मागा, पक्कं बिल घ्या आणि बिलावर लॉट क्रमांक लिहून घ्या.